दोन नंबरच्या खेळाडूंची क्रमवारी

क्रमवारी लावण्याची आपल्याला फार हौस. बोर्डाच्या परीक्षेची गुणवत्ता यादी एके काळी वर्तमानपत्रांतून फोटोंसकट छापून यायची आणि पहिला आलेला मुलगा दुसऱ्यापेक्षा एका गुणानं हुशार आहे, असं सगळं गाव धरून चालायचं. क्रमांक लागला की प्रश्न मिटला, असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे क्रमांक हे कुठल्या तरी प्रश्नाचं उत्तर असतं. तो प्रश्न कोणता होता हे विसरलं, तर उत्तराला काही अर्थ उरत नाही.

कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवताना मी हे मुलांना सांगत आलो. पण एका खेळात ही गोष्ट जितकी स्वच्छ दिसते, तितकी फळ्यावर कधी दिसली नाही. तो खेळ म्हणजे अमेरिकेतलं फँटसी बास्केटबॉल. त्यात एका जागेवरच्या, म्हणजे शूटिंग गार्ड या जागेवरच्या, खेळाडूंची क्रमवारी कशी लावायची, एवढाच आजचा विषय आहे.

आधी मूळ खेळाबद्दल थोडं. बास्केटबॉल आपण शाळेच्या नाहीतर जिमखान्याच्या मैदानावर पाहिलेलं असतं. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नायस्मिथ या व्यायामशिक्षकानं हा खेळ शोधून काढला. एका बाजूला पाच खेळाडू. त्यांच्या जागांना तिकडे एक ते पाच असे आकडेही आहेत. एक नंबर म्हणजे पॉइंट गार्ड, हा चेंडू घेऊन येतो आणि खेळ चालवतो. पाच नंबर म्हणजे सेंटर, हा सगळ्यात उंच, रिंगखाली उभा राहणारा. आणि दोन नंबर म्हणजे शूटिंग गार्ड. आपल्याकडे 'दोन नंबर' म्हटलं की भलतंच काही मनात येतं, पण तिकडे ही मानाची जागा आहे. लांबून नेम धरायचा, संधी मिळाली की मुसंडी मारून आत घुसायचं आणि गुण मिळवायचे, हे याचं काम. मायकेल जॉर्डन हा दोन नंबर. कोबी ब्रायंट हाही दोन नंबर.

आता फँटसी म्हणजे काय? तुम्ही आणि तुमचे मित्र, समजा बारा जण, कागदावर आपापले संघ करता. खेळाडू खरे, एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धेतले. पण संघ तुमचा. खऱ्या सामन्यात त्या खेळाडूनं जे केलं, ते तुमच्या खात्यात जमा. ही कल्पना आधी बेसबॉलमध्ये रुजली. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट या लेखकानं मित्रांबरोबर तसा खेळ सुरू केला आणि ते ज्या उपाहारगृहात जमत, त्याच्या नावावरून त्याला 'रोटिसरी' हे नाव पडलं. आपल्याकडे हा प्रकार क्रिकेटमुळे घरोघरी माहीत झाला. पैसे लावून ऑनलाइन खेळायच्या अशा खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्यानं आपल्या देशात बंदी आली, आणि माझ्या मते ते बरंच झालं. मी ज्या खेळाबद्दल बोलतो आहे, त्यात पैशाचा संबंध नाही. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तो आणि त्याचे अकरा मित्र दर वर्षी खेळतात, आणि जो शेवटचा येतो तो बाकीच्यांना जेवण घालतो. ऑक्टोबर उजाडला की त्याचा फोन येतो, "मामा, जरा आकडे बघून द्या."

आकडे कुठले? प्रचलित पद्धतीत नऊ रकाने असतात. गुण, रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उडालेला चेंडू पकडणं, असिस्ट, म्हणजे ज्या पासवर सहकाऱ्यानं बास्केट केली तो पास, स्टील, म्हणजे चेंडू हिसकावणं, ब्लॉक, म्हणजे समोरच्याचा फटका हवेत अडवणं. शिवाय तीन गुणांच्या बास्केटी, मैदानी फटक्यांची टक्केवारी आणि फ्री थ्रोची टक्केवारी. नववा रकाना उलटा असतो. तो टर्नओव्हरचा, म्हणजे आपल्या हातून चेंडू गमावण्याचा. तो जितका कमी, तितकं चांगलं. दर आठवड्याला तुमची एका मित्राशी गाठ पडते आणि नऊपैकी पाच रकाने ज्याचे, तो जिंकला.

इथेच पहिला धडा आहे. २२ जानेवारी २००६ या दिवशी कोबी ब्रायंटनं टोरांटोविरुद्ध एकट्यानं ८१ गुण केले. ४६ फटक्यांपैकी २८ आत, वर २० पैकी १८ फ्री थ्रो. त्या आठवड्यात ज्याच्या फँटसी संघात कोबी होता, त्याला गुणांचा रकाना मिळाल्यातच जमा. तीन गुणांच्या बास्केटी सात, म्हणून त्या रकान्यातही हात मिळाला. पण असिस्ट दोनच आणि रिबाउंड सहा. गुणांच्या रकान्यात पन्नासनं जिंका नाहीतर एकानं, मिळणारा रकाना एकच. वर्तमानपत्रातला मथळा आणि फँटसीतला हिशेब यांची फारकत होते ती अशी. म्हणून शूटिंग गार्डांची यादी नुसत्या गुणांच्या सरासरीनं लावणारा माणूस पहिल्याच पायरीवर चुकतो. या जागेवर सगळ्यांनाच गुण मिळतात. ज्याची सगळीकडे रेलचेल आहे त्याला भाव नसतो, हे मंडईत जाणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

आता एक पक्का हंगाम घेऊ. २००८-०९ चा. तो जुना आहे, पण त्यात शिकण्यासारखं सगळं एका ठिकाणी सापडतं. त्या वर्षी शूटिंग गार्डांमध्ये दोन मोठी नावं होती. मायामी संघाचा ड्वेन वेड आणि लॉस एंजेलिस लेकर्सचा कोबी. हंगामाअखेर वेडची सरासरी होती सामन्याला ३०.२ गुण, कोबीची २६.८. वेडचे स्टील २.२, कोबीचे १.५. आता मी विचारतो, या दोन फरकांपैकी मोठा कोणता? ३.४ गुणांचा की ०.७ स्टीलचा?

सहज वाटेल की ३.४ मोठा. पण रुपये आणि तोळे यांची अशी तुलना होत नाही. आधी हे बघायचं की त्या रकान्यात एका खेळाडूत आणि दुसऱ्यात नेहमी किती फरक पडतो. समजा, गुणांच्या बाबतीत चांगल्या खेळाडूंत साधारण पाच गुणांचं अंतर नेहमीचं आहे आणि स्टीलच्या बाबतीत अर्ध्या स्टीलचं. मग ३.४ ला पाचानं भागा, सुमारे ०.७ आलं. ०.७ ला अर्ध्यानं भागा, १.४ आलं. म्हणजे डोळ्याला चिमूटभर दिसणारा स्टीलचा फरक हा गुणांच्या फरकाच्या दुप्पट वजनाचा निघाला. या 'नेहमीच्या अंतरा'ला आम्ही प्रमाण विचलन म्हणतो. नाव विसरलात तरी चालेल. रकाना कुठलाही असो, त्याच्या स्वतःच्या मापानं मोजायचा, एवढं लक्षात ठेवा. असं नऊही रकान्यांचं मोजून बेरीज केली, की खेळाडूची ढोबळ किंमत हाती येते.

वेडचं वेगळेपण आणखी एका रकान्यात होतं. तो सहा फूट चार इंच उंचीचा. एनबीएत ही उंची काही विशेष नाही. पण त्या हंगामात त्यानं १०६ ब्लॉक केले. ब्लॉक हे उंच सेंटरचं काम. तुमच्या दोन नंबरनं ते केलं, तर तुमच्या पदरात एका जागेच्या मोलात दीड जागेचा माल पडला. एका हंगामात २००० गुण, ५०० असिस्ट, १०० स्टील आणि १०० ब्लॉक, हे सगळं जमवणारा तो एनबीएतला पहिला खेळाडू ठरला. शूटिंग गार्डची किंमत ठरवताना तो बाकीच्या शूटिंग गार्डांसारखं काय करतो यापेक्षा त्यांच्याकडून जे मिळत नाही ते तो काय देतो, हे विचारावं.

टक्केवारीच्या रकान्यांत तर फसगत ठरलेलीच. त्याच हंगामात बोस्टनच्या रे ॲलननं फ्री थ्रोमध्ये कमाल केली. २४९ पैकी २३७ आत, म्हणजे ९५ टक्क्यांच्या वर. सॅक्रामेंटोच्या केव्हिन मार्टिनची टक्केवारी ८७ च्या आत होती. सांगा, फ्री थ्रोच्या रकान्यात तुम्हाला जास्त उपयोगी कोण? ९५ टक्केवाला? जरा थांबा. मार्टिनला समोरच्याकडून फाउल काढून घेण्याची कला अवगत होती. तो सामन्याला दहाच्या वर फ्री थ्रो मारायचा, ॲलन तीनच्या आसपास. साधारण खेळाडू १०० पैकी ७७ टाकतो असं धरलं, तर ॲलनच्या २४९ मध्ये त्यानं १९२ टाकले असते. म्हणजे ॲलननं तुम्हाला ४५ जास्तीचे दिले. मार्टिन दुखापतींमुळे ५१ सामनेच खेळला. तरी त्याचे फ्री थ्रो सव्वापाचशेच्या घरात गेले आणि त्यात जास्तीचे निघाले सुमारे पन्नास. अर्ध्याहून थोडेच अधिक सामने खेळून तो ॲलनच्या पुढे गेला! टक्केवारी दिसली की ती कितीवर काढली, हे विचारायचं. बँकेच्या व्याजाला आपण हा प्रश्न विचारतो, खेळाडूला विचारत नाही.

जाता जाता एक सांगतो. मार्टिनचा हा सॅक्रामेंटो संघ पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईला आला होता. वरळीच्या डोममध्ये इंडियानाशी त्याचे दोन सराव सामने झाले. भारतात झालेले एनबीएचे ते पहिले सामने. मार्टिन तेव्हा संघात नव्हता, पण एनबीए म्हणजे काय हे आपल्या शाळकरी पोरांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

एवढं गणित झालं की यादी तयार झाली, असं वाटतं. पण खरा पेच पुढेच आहे. कारण खेळाडू तुम्हाला हवे तेव्हा उचलता येत नाहीत, पाळीनं उचलावे लागतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. बारा जणांच्या खेळात पहिल्या फेरीत एक ते बारा अशी पाळी लागते, दुसऱ्या फेरीत उलटी, बारा ते एक. साप वळतो तशी. ऑक्टोबर २००८ मध्ये भाच्याची पाळी आठवी होती. म्हणजे पहिला खेळाडू आठवा उचलायचा, दुसरा सतरावा, तिसरा बत्तिसावा. कोबी त्याच्यापर्यंत येणार नव्हता, तो आधीच गेला असता. भाच्यानं विचारलं, "मामा, आठव्या पाळीला वेड घेऊ का?"

हा प्रश्न तसा अपुरा आहे. वेड चांगला की डॅलसचा उंच फॉरवर्ड डर्क नोव्हित्स्की चांगला, एवढंच पाहून इथे भागत नाही. तुलना जोड्यांची करायची. एक जोडी, आत्ता वेड आणि सतराव्या पाळीला जो उंच खेळाडू उरेल तो. दुसरी जोडी, आत्ता नोव्हित्स्की आणि सतराव्या पाळीला जो गार्ड उरेल तो. कुठली जोडी जड? त्या वर्षी शूटिंग गार्डांची दुसरी पायरी चांगली रुंद होती. पोर्टलंडचा ब्रँडन रॉय, अटलांटाचा जो जॉन्सन, बोस्टनचा रे ॲलन, न्यू जर्सीचा विन्स कार्टर. यांतला एक तरी सतराव्या पाळीला उरणारच. उलट फ्री थ्रो चांगला टाकणारे, दुखापतींपासून लांब असलेले उंच खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणून मी म्हणालो, "आत्ता नोव्हित्स्की घे. सतराव्याला वेड उरला तर उत्तम, नाही उरला तर रॉय आहेच."

म्हणूनच मी एक, दोन, तीन अशी यादी कधी करत नाही, पायऱ्या करतो. पहिल्या पायरीवर दोन नावं, दुसऱ्यावर चार-पाच, तिसऱ्यावर आठ-दहा. एका पायरीवरच्या माणसांत फरक इतका थोडा असतो की त्यात क्रमांक लावणं म्हणजे पहिला आणि दुसरा मुलगा यांच्यातल्या त्या एका गुणासारखं. पण एक पायरी संपून दुसरी लागते, तिथे खरी उतरण असते. एखाद्या पायरीवर अजून चार माणसं शिल्लक असली, तर घाई करायची नाही. एकच उरला असेल, तर घाई करायची. पायरीच्या आतला क्रम तुमच्या गरजेनं ठरतो. तीन गुणांच्या बास्केटी कमी पडत असतील तर ॲलन, असिस्ट हवे असतील तर जॉन्सन. भाच्याला विन्स कार्टरचा मोह होता, कारण घरच्या गावचा संघ. तो मोह सगळ्यांनाच असतो. आणि म्हणून घरच्या खेळाडूला त्या गावातल्या मित्रमंडळात नेहमी जास्त भाव येतो. तो घेऊ नये असं नाही, पण एक पाळी आधी घेऊ नये.

आता वेडचं काय? तो आठव्या पाळीपर्यंत कसा उरला? त्याला कारण होतं. २००६-०७ मध्ये त्याचा खांदा निखळला. पुढच्या वर्षी गुडघ्यानं दगा दिला. दोन्ही हंगामांत मिळून अजब योगायोग, दोन्हीकडे ५१ सामने. एकूण सामने असतात ८२. उलट कोबी २००७-०८ मध्ये करंगळीला दुखापत झालेली असतानाही सगळे ८२ सामने खेळला आणि त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

अशा वेळी लोक काय करतात? म्हणतात, "३१ सामने बाहेर बसणार, म्हणजे ३१ वेळा शून्य." हे खरं नाही. खेळाडू जखमी झाला की तुम्ही त्याच्या जागी दुसरा घेऊ शकता. कुणीच न उचललेले, मोकळे असे खेळाडू असतात. ते मोठे नसतात, पण शून्यही नसतात. सोपे आकडे घेऊ. समजा, वेडची किंमत सामन्याला दहा, दुसऱ्या पायरीवरच्या भरवशाच्या गार्डची आठ आणि मोकळ्या खेळाडूची चार. भरवशाचा गार्ड ८२ सामने खेळला तर ६५६. वेड ५१ खेळला तर ५१०, आणि उरलेले ३१ सामने मोकळा खेळाडू चारनं, म्हणजे १२४. बेरीज ६३४. म्हणजे वाईटात वाईट धरलं तरी तोटा २२ चा. पण वेड ठणठणीत राहिला आणि ७९ सामने खेळला तर? ७९० आणि वर बारा, ८०२. फायदा १४६ चा! एका बाजूला २२ चा तोटा, दुसऱ्या बाजूला १४६ चा फायदा. मोकळ्या खेळाडूला शून्य धरलं असतं, तर हा हिशेब दिसलाच नसता.

शिवाय एक ताजी बातमी होती. त्याच ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिकला वेड गेला होता आणि अमेरिकेच्या संघात सर्वांत जास्त गुण त्याचे होते. गुडघा बरा झाल्याचं याहून चांगलं प्रमाणपत्र कुठलं? मागच्या वर्षीचा तक्ता ही बातमी सांगत नाही. तक्ता एप्रिलमध्ये थांबलेला असतो, माणूस थांबलेला नसतो.

सतराव्या पाळीला वेड उरला होता. भाच्यानं घेतला. हंगामात वेड ७९ सामने खेळला आणि गुणांच्या सरासरीत सगळ्या एनबीएत पहिला आला. म्हणून भाचा जिंकला का? नाही, तिसरा आला. दुसऱ्याच दोन जागांनी त्याला मागे ओढलं. आणि इथे मला एक जोर देऊन सांगायचं आहे. वेड त्या वर्षी पुन्हा जखमी झाला असता, तरी सतराव्या पाळीचा निर्णय बरोबरच होता. आणि कोबीला वेडच्या वर ठेवणारे सगळे हंगामाअखेर चुकीचे दिसले, तरी ऑक्टोबरात त्यांचं म्हणणंही बरोबरच होतं. निर्णय त्या दिवशी जे माहीत होतं त्यावरून तोलायचा, नंतर जे घडलं त्यावरून नाही. शेतकऱ्यानं वेळेवर पेरणी केली आणि पाऊस पडला नाही, तर पेरणी चुकली असं आपण म्हणतो का?

यात दोन गोष्टींची भर घालतो. पहिली, जागेचं नाव हे पक्कं नसतं. जेम्स हार्डन ह्यूस्टनचा शूटिंग गार्ड म्हणून नावारूपाला आला. २०१६-१७ मध्ये त्याच्या प्रशिक्षकानं चेंडू त्याच्याच हाती सोपवला, त्याला एक नंबर केलं. त्या वर्षी त्याची सरासरी २९.१ गुण आणि ११.२ असिस्ट. पण चेंडू सतत हाती म्हटल्यावर गमावणंही आलं. ४६४ टर्नओव्हर, एका हंगामातला तो विक्रम ठरला. असा खेळाडू घ्यायचा तर टर्नओव्हरच्या रकान्यावर पाणी सोडायचं आणि उरलेल्या आठांपैकी पाच जिंकायचे. एका रकान्यावर जाणूनबुजून पाणी सोडणं हा या खेळातला मोठा डाव आहे. नऊच्या नऊ जिंकायला निघालेला बहुधा चारच जिंकतो.

दुसरी गोष्ट, हजेरी. अलीकडे संघ आपल्या मोठ्या खेळाडूंना दुखापत नसतानाही अधूनमधून विश्रांती देतात. ते इतकं वाढलं की २०२३-२४ पासून एनबीएनं मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळण्याची अट घातली. म्हणून आता सरासरीच्या शेजारी सामन्यांचा आकडा वाचल्याशिवाय क्रमवारीला हात घालू नये.

इतकं सगळं सांगून झालं, आता या तक्त्याला काय दिसत नाही ते सांगतो. त्याच २००८-०९ च्या हंगामात ह्यूस्टनच्या संघात शेन बॅटिए नावाचा फॉरवर्ड होता. सरासरी सात गुण. फँटसीत त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. फेब्रुवारी २००९ मध्ये मायकेल लुइस या लेखकानं न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिकात त्याच्यावर मोठा लेख लिहिला. बॅटिएचं काम काय, तर कोबीसारख्यांना रोखणं. कोबी मैदानाच्या कुठल्या भागातून चुकतो याचा अभ्यास करून तो त्याला तिकडेच ढकलायचा आणि फटका मारताना त्याच्या डोळ्यांसमोर हात धरायचा. कोबीचा फटका चुकला की ती चूक कोबीच्या टक्केवारीत लागायची, बॅटिएच्या खात्यात काहीच नाही. पण तो मैदानावर असला की त्याचा संघ चांगला खेळायचा. घराघरांत अशी माणसं असतात, कचेऱ्यांतही असतात. त्यांच्या कामाला रकाना नसतो.

आणि दुसरा तो ब्रँडन रॉय. दुसऱ्या पायरीवरचा, 'वेड नाही मिळाला तर आहेच' असं मी ज्याच्याबद्दल म्हणालो, तो. २००८-०९ मध्ये तो चोवीस वर्षांचा होता, सरासरी २२.६ गुण, ७८ सामने. दहा वर्षं हा माणूस यादीत वरच राहणार, असं आकडे सांगत होते. पण दोन्ही गुडघ्यांतली कूर्चा झिजत चालली होती आणि तिचा रकाना कुठल्या तक्त्यात नव्हता. २३ एप्रिल २०११ ला बाद फेरीत पोर्टलंडचा संघ डॅलसविरुद्ध २३ गुणांनी मागे पडला होता. तोवर रॉय बहुतेक वेळ बाकावरच असायचा. त्या दिवशी शेवटच्या सत्रात त्यानं एकट्यानं १८ गुण केले आणि सामना खेचून आणला. डॅलसनं पुढे त्या वर्षीचं विजेतेपद मिळवलं, म्हणजे समोर काही लेचापेचा संघ नव्हता. डिसेंबर २०११ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, रॉयनं निवृत्ती जाहीर केली. वर्षभरानं मिनेसोटाकडून परत आला, पाच सामने खेळला आणि थांबला.

यातली विचित्र गोष्ट बघा. फँटसीचा हंगाम साखळी सामन्यांबरोबर संपतो. बाद फेरीचे आकडे त्यात धरत नाहीत. म्हणजे रॉयच्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी बारा मिनिटं फँटसीच्या कुठल्याही खात्यात जमा झाली नाहीत. त्या वर्षीच्या यादीत तो होता 'न घेण्याजोगा'. आणि यादी तिच्या प्रश्नापुरती बरोबरच होती! तिला विचारलं होतं, येत्या सहा महिन्यांत नऊ रकान्यांत हा किती भर घालेल? तिनं चोख उत्तर दिलं. हा खेळाडू कसा आहे, असं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून क्रमवारी लावा, जरूर लावा. रकाना त्याच्या मापानं मोजा, टक्के कितीवर काढले ते बघा, पायऱ्या पाडा, जोड्यांची तुलना करा, गैरहजर माणसाच्या जागी कोण येईल ते धरा. यात बुद्धीला व्यायाम आहे आणि मित्रांशी भांडायला चांगलं निमित्तही. फक्त यादीच्या माथ्यावर तिचा प्रश्न लिहून ठेवा. बास्केटबॉलच्या यादीवर लिहा, आणि घरात मुलांच्या गुणपत्रिका येतील त्यांच्यावरही लिहा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)